सारवणाचा हात

आमचं खंडाळा म्हणजे लोणावळ्याजवळचं नव्हे. पुण्याहून साताऱ्याकडं येताना नीरा ओलांडली, शिरवळ मागं पडलं, की खंबाटकी घाटाच्या पायथ्याला लागतं ते. आमच्याकडं चित्रकार म्हणजे पेंटर. दुकानाच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, शाळेच्या भिंतीवरचा शिवाजी महाराजांचा घोडा, एवढं काढता आलं की तो माणूस कलाकार. त्यामुळं धाकट्या भावाची मुलगी पुण्याला चित्रकला शिकायला गेली, तेव्हा निम्म्या गावानं भावाला विचारलं, "पाट्या रंगवायला एवढी फी?"

तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीत तिनं एक चित्र घरी आणलं. एसटीत घेईनात म्हणून ओळखीच्या टेम्पोतून आणलं. चार फूट बाय तीन फुटांचं प्लायवूड. त्यावर तरटाचं पोतं ताणून चिकटवलेलं. आमच्याच मळ्यातली काळी माती डिंकात कालवून थापलेली. चुलीतली राख, हळद, कुंकू, ज्वारीच्या चिपाडाचे तुकडे. मधोमध पितळी पत्रा कापून मांडी घालून बसलेला माणूस केलेला, त्याच्या कपाळाच्या जागी रुद्राक्ष आणि डोक्यावर ओम. चित्राचं नाव 'ध्यान'.

"आप्पा, ह्याला मिश्र माध्यम म्हणतात," ती म्हणाली. "कसं वाटतंय?"

घरात पाहुणे होते. मला चारचौघांत बोलायची खोड. मी म्हणालो, "पोरी, माती शेतात बरी. आन् सारवायचंच असंल तर आमची आई ह्याच्यापेक्षा चांगलं सारवत हुती."

सगळे हसले. ती हसली नाही. सकाळी बघतो तर चित्र माळ्यावर, तोंड भिंतीकडं करून ठेवलेलं. सुट्टी संपेपर्यंत ती सगळ्यांशी बोलली, माझ्याशी कामापुरतं.

मी स्वतः चार अक्षरं लिहितो. माझं लिहिलेलं कुणी एका वाक्यात उडवलं तर आठ दिवस मला भाकरी गोड लागत नाही. आणि मी तेच केलं होतं. पण खरं सांगायचं तर चित्र मला आवडलं नव्हतं, हेही तितकंच खरं. का आवडलं नाही ते मात्र मला सांगता येत नव्हतं. हा लेख त्या 'का'च्या शोधाचा आहे.

मी दहावी शिकलेला माणूस. चित्रं बघितली ती देवळात, कॅलेंडरावर आणि वाईच्या बाजूला. घाट चढून पलीकडं उतरलं की वाई. तिथून मेणवली जवळ. नाना फडणवीसांच्या वाड्यातली भिंतीवरची चित्रं मी लहानपणी वडिलांच्या बोटाला धरून पाहिली. पुढं औंधला यमाईच्या दर्शनाला गेलो, तेव्हा डोंगराच्या वाटेवरचं भवानी संग्रहालय पाहिलं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. रामायणातले प्रसंग त्यांनी हातानं काढले आणि 1938 साली हे संग्रहालय उभं केलं. राजा रविवर्म्याची चित्रं आमच्या जिल्ह्यात बघायला मिळतात ती त्यांच्यामुळं. त्या चित्रांपुढं बाया हात जोडतात. मीही जोडले. चित्रात कोण आहे हे कळतं, गोष्ट माहीत असते, आणि आपली भक्ती त्या गोष्टीवरून चालत देवापर्यंत जाते. माझ्या लेखी अध्यात्माचं चित्र म्हणजे हे असं. 'कुणाचं चित्र?' हा पहिला प्रश्न, आणि त्याचं उत्तर मिळालं की काम झालं.

पुतणीनं माझ्यावरचा राग सोडला तो संक्रांतीला. तिळगूळ देताना म्हणाली, "आप्पा, तुम्ही एकदा गायतोंडे बघा. मग काय बोलायचं ते बोला."

"कोण गायतोंडे?"

"चला मुंबईला."

मग आम्ही दोघं गेलो. मुंबईत बोरीबंदरापासून चालत जाण्याजोगं ते जुनं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम आहे, आता छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. तिथं जहांगीर निकल्सन यांच्या संग्रहाचं दालन आहे. हा माणूस कापसाचा व्यापारी. चित्रं जमवली. त्यातला गायतोंड्यांचा वाटा मोठा मानतात.

ती मला एका उभ्या चित्रापुढं घेऊन गेली आणि बाजूला झाली. मी पाहिलं. चित्रात काही नव्हतं. माणूस नाही, झाड नाही, देव नाही. पिवळसर-मातकट असा एकच रंग, कुठं गडद, कुठं विरळ. मधल्या उंचीवर काही खुणा. अक्षरं म्हणावीत तर वाचता येत नाहीत, ढेकळं म्हणावीत तर तरंगत्यात. मी पाटी वाचली. नाव नाही. शीर्षकाच्या जागी 'शीर्षक नाही' एवढंच. मनात म्हटलं, एसटीचं भाडं गेलं.

पण पाय दुखत होते आणि बसायला जागा होती, म्हणून बसलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. शेतकऱ्याला एक सवय असते. पेरणीनंतर बांधावर बसून तो रिकाम्या रानाकडं तासन्‌तास बघतो. दिसत काहीच नसतं, तरी ओल किती खाली गेली, कुठं पाणी थांबलं, कुठं पापुद्रा धरला, ते हळूहळू कळायला लागतं. तसंच झालं. एका रंगाखाली दुसरा रंग असल्याचं दिसायला लागलं. त्याच्याखाली तिसरा. काही ठिकाणी वरचा थर खरवडून काढलेला, काही ठिकाणी तो आपोआप विरल्यासारखा. उजेड वरून पडलेला नव्हता, आतून येत होता. पहाटे धुकं असताना विहिरीच्या पाण्यावर असतो तसा.

मी पुतणीला विचारलं ते एकच, "ह्ये केलं कसं?"

हाच तो प्रश्न. 'कुणाचं चित्र' सोडून मी पहिल्यांदा 'कसं केलं' असं विचारलं होतं.

तिनं सांगितलं ते, आणि पुढं सतीश नाईक यांनी संपादित केलेल्या 'गायतोंडे' या जाडजूड मराठी ग्रंथातून व इतरांकडून मी गोळा केलं ते, असं. वासुदेव संतू गायतोंडे यांचा जन्म 1924 चा, नागपूरचा. घराणं गोव्याचं. वाढले गिरगावच्या चाळीत. 1948 साली जे. जे. स्कूलमधून पदविका घेतली. सुरुवातीला माणसं, पक्षी, आकार काढायचे. पन्नासच्या दशकाच्या शेवटी शेवटी आकार गळत गेले. 1964 साली शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले, 1971 ला पद्मश्री मिळाली, त्यानंतर दिल्लीत जाऊन राहिले. लग्न केलं नाही. गोतावळा ठेवला नाही. 2001 साली गेले. आपल्या चित्राला कुणी 'अमूर्त' म्हटलेलं त्यांना रुचत नसे. वर्षाला पाच-सहा चित्रं करायचे, त्याहून फार नाही. बाकीचा वेळ बसायचे, विचार करायचे, वाट बघायचे.

रंग लावायला ब्रशपेक्षा रोलर आणि सुरी. घर रंगवणारे वापरतात तसा रोलर. पातळ थर द्यायचा, वाळू द्यायचा, वर दुसरा द्यायचा, खरवडायचा. पुढंपुढं त्यांनी आणखी एक रीत धरली. मासिकाचे, वर्तमानपत्राचे कागद फाडून, कापून ओल्या रंगावर ठेवायचे, दाबायचे आणि उचलायचे. कागद निघून जातो. त्यानं उचललेला आणि सोडलेला रंग मागं राहतो. त्या तरंगणाऱ्या खुणा तशा झालेल्या.

हे ऐकलं आणि मला आमची आई आठवली.

मी थट्टेत सारवणाचं नाव घेतलं होतं. सारवण काय असतं ते मी विसरलो होतो. नवीन भुई करायची तर आधी मुरूम टाकायचा, पाणी मारायचं, चोपण्यानं चोपायचं. भेगा पडल्या की पुन्हा. मग शेणकाल्याचा पहिला हात. तो वाळल्यावर दुसरा. आठवड्याला सारवलं तर वर्षाला पन्नासच्या वर थर त्या भुईवर बसायचे. आईच्या हाताची अर्धगोल वळणं एकसारखी उमटत जायची आणि ती मागं सरकत सरकत उंबऱ्याबाहेर पडायची. वाळल्यावर शेण दिसायचं नाही, माती दिसायची नाही, पाणी तर नाहीच. दिसायची ती भुई. आणि हात कुणाचा ते आम्हाला कळायचं. आई माहेरी गेली आणि काकूनं सारवलं, तर उन्हात वळणं बघून मी सांगायचो.

आता पुतणीच्या चित्राचं. तिच्या चित्रात तरट तरटच राहिलं होतं. हळद हळदच. रुद्राक्ष तर बाजारातून आणून नुकताच ठेवल्यासारखा. वऱ्हाडात आलेल्या पाहुण्यांसारखी प्रत्येक वस्तू आपापलं नाव सांगत उभी होती. मिश्र माध्यम हा शब्द बरोबर. माध्यमं होती, पण मिश्रण झालं नव्हतं. वस्तू पवित्र आहे म्हणून चित्र पवित्र होईल असं तिनं धरलं होतं. ओम काढला की ध्यान आलं. तसं असतं तर आमच्या आठवडे बाजारातलं पूजेच्या सामानाचं दुकान सगळ्यात मोठं चित्र ठरलं असतं.

गायतोंड्यांच्या चित्रात ध्यानाची एकही खूण नाही. झेन पंथाचं वाचन त्यांचं मोठं. रमण महर्षी आणि निसर्गदत्त महाराज यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव. पण त्या वाचनातली एकही वस्तू त्यांनी कॅनव्हासवर चिकटवली नाही. ध्यान झालं असेल तर ते चित्र करण्याच्या रीतीत झालं. थर द्यायचा आणि थांबायचं. ठेवायचं आणि उचलायचं. कागद होता म्हणून खूण झाली, आणि कागद गेला म्हणून ती खूण दिसली.

इथं आमच्या साताऱ्याचा एक धागा आहे, तो सांगतो. निसर्गदत्त महाराज म्हणजे मूळचे मारुती कांबळी. बालपण मालवणजवळच्या कांदळगावात, पुढं मुंबईत खेतवाडीला विडीचं दुकान. गुरूनं सांगितलं ते धरून बसले आणि माळ्यावरच्या खोलीत मराठीत बोलत राहिले. ते बोलणं इंग्रजीत जगभर नेलं मॉरिस फ्रीडमन या पोलंडच्या इंजिनीअरनं. ते पुस्तक 1973 साली निघालं. हाच फ्रीडमन त्याआधी तीसेक वर्षं आमच्या औंध संस्थानात होता. पंतप्रतिनिधींनी 1939 साली राज्यकारभार रयतेच्या हाती दिला, त्या कामात आणि आटपाडीकडच्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाच्या कामात त्याचा हात होता. ज्या औंधात मी रामायणाच्या चित्रांना हात जोडले, त्याच औंधात वावरलेल्या माणसानं विडीवाल्या महाराजांचे शब्द मांडले, आणि तोच विचार एका चित्रकारानं कुठलीच गोष्ट न सांगता रंगात उतरवला. मला ह्यात वाटा दिसतात. राजाची वाट गोष्टीतून जाते, गायतोंड्यांची गोष्ट सोडून. एक खरी म्हणून दुसरी खोटी ठरवायचं कारण नाही.

गायतोंड्यांच्या चित्रांभोवती आता दोन गलबले आहेत. एक पैशाचा. 2013 च्या डिसेंबरात मुंबईत त्यांचं एक चित्र 23 कोटी 70 लाखांना गेलं, आणि पुढं आकडे वाढतच गेले. माणूस गेल्यावर बारा वर्षांनी. 2014 साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानं मोठं प्रदर्शन भरवलं. चांगलं झालं. पण आकडा कानात गेला की डोळा काम करत नाही. माणूस चित्र बघायचं सोडून कोटी मोजतो. दुसरा गलबला अध्यात्माचा. शांतता, शून्य, अनंत असे शब्द लोक त्या चित्रांवर इतके थापतात की पुतणीचा रुद्राक्ष परवडला. दोन्ही गलबल्यांत एक गोष्ट हरवते, ती म्हणजे त्या माणसानं केलेलं हाताचं काम. किती थर, किती खरवडणं, किती दिवस वाळवणं. हे अध्यात्म मजुरीचं आहे. ते मला कळतं.

तरी माझं एक भांडण आहे, ते लपवत नाही.

ही चित्रं भेटायला शांत खोली लागते, बसायला जागा लागते, आणि रिकामी दुपार लागते. उसाला पाणी द्यायला रात्री दोनला उठणाऱ्या माणसाकडं ती दुपार नसते. दर आषाढी वारीला माउलींची पालखी नीरेच्या पाण्यात पादुकांचं स्नान करून आमच्या तालुक्यात येते, लोणंदला मुक्काम करते. लाखो माणसं, टाळ-मृदंग, धूळ, घाम. त्यात एखादी म्हातारी डोक्यावर तुळस घेऊन चालते आणि तिच्या चेहऱ्यावर जे दिसतं, ते ध्यानच असतं. तिला एकांत लागत नाही. गायतोंड्यांनी आपल्या शांततेपुढं माणसं सोडली. त्यांच्या चित्रात माझी आई नाही, तिच्या हाताची रीत तेवढी आहे. ही त्यांची उणीव म्हणायची का मर्यादा, मला ठरवता येत नाही. पण ती शांतता सगळी शांतता आहे असं कुणी म्हणालं, तर मी लोणंदचा रस्ता दाखवीन.

पुतणीशी परतीच्या गाडीत ह्यावरून वाद झाला. तिनं मला प्रभाकर बरव्यांचं नाव सांगितलं. अलिबागजवळच्या नागावचे. विणकर सेवा केंद्राच्या नोकरीत काशीला राहिले, तिथं तंत्रमार्गाची चित्रं पाहिली, सुरुवातीच्या कामात ती चिन्हं वापरली. पुढं ती चिन्हं सोडून दिली आणि घड्याळ, पान, टाचणी असल्या घरातल्या वस्तू इनॅमल रंगात काढल्या, मध्ये भरपूर मोकळी जागा ठेवून. 'कोरा कॅनव्हास' हे त्यांचं पुस्तक 1990 सालचं, मराठीत लिहिलेलं. मी ते दोनदा वाचलं. सगळं कळलं नाही, पण चित्रकार आपल्या भाषेत विचार करतो हे बघून धीर आला. पुतणी म्हणाली, "बघा आप्पा, बरव्यांनी वस्तू ठेवल्याच की. उचललंच पायजे असं कुठंय?" तिचं म्हणणं बरोबर होतं. मी म्हणालो, "ठेव, पण तिच्या भवती जागा तरी ठेव. तुझ्या चित्रात मुंगीला जायला वाट न्हाई."

घरी आल्यावर मी माळ्यावर चढून चित्र खाली काढलं. ओट्यावर उजेडात ठेवलं आणि बांधावर बसतात तसा बसलो. तास गेला. आमची मंडळी दोनदा येऊन बघून गेली.

खाली डाव्या कोपऱ्यात एक जागा होती. वीतभर. तिथं तरट आधी चिकटवलेलं असावं, मग ओढून काढलेलं. ओल्या मातीत विणीचा ठसा राहिला होता, आडवे-उभे धागे, कुठं स्पष्ट, कुठं पुसट. त्यावर राखेचा पातळ हात फिरलेला. ती जागा माती नव्हती आणि तरटही नव्हती. नुकतं पाणी ओसरलेल्या वाफ्यासारखी दिसत होती. दिवाळीत मी ती पाहिलीच नव्हती. मी पितळी माणूस बघितला, ओम बघितला आणि थट्टा करून मोकळा झालो.

तिला बोलावलं. कोपऱ्यावर बोट ठेवलं. म्हणालो, "ही जागा चांगली झालीय. लई चांगली. बाकीचं मला पटत न्हाई. आन् दिवाळीत मी बोललो ते वाईट बोललो."

ती वाकून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आप्पा, ते तर चुकून झालंय. तरट वाकडं बसलं म्हणून ओढलं."

"मग आता मुद्दाम कर."

"मुद्दाम केलं तर तसं हुईल का?"

ह्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. गायतोंड्यांनी आयुष्य ह्याच प्रश्नावर घालवलं असावं असं मला वाटतं. 1984 साली दिल्लीत त्यांना अपघात झाला, काही वर्षं मोठ्या कॅनव्हासचं काम थांबलं, तेव्हाही ते कागदावर शाईनं लहान लहान खुणा करत राहिले. हात थांबवला नाही. एवढंच मी तिला सांगितलं.

त्या उन्हाळ्यात तिनं पडवीत बसून वीत-दीड वीत मापाचे पंधरा-वीस तुकडे केले. माती लावायची, तरट दाबायचं, काढायचं, वाळवायचं, राख फिरवायची. बहुतेक बिघडले. तीन मला बरे वाटले. त्यातल्या एकावर तिनं परत रुद्राक्ष चिकटवला. मी म्हणालो, "हा कशाला?"

"मला पायजे म्हणून," ती म्हणाली, आणि डिंकाची बाटली बंद केली.

ह्यावेळी मी तो तुकडा जवळ घेऊन बसलो. रुद्राक्षाच्या भोवती तिनं चांगली चार बोटं जागा मोकळी सोडली होती. तरीही तो मला पटलेला नाही. आमचा वाद चालू आहे.